दोन इस्पिकवर डबल

पंधरा शब्दांची भाषा आहे ही.
एक ते सात, चार रंग, बिनहुकमी,
पास, डबल, रिडबल. मोजा हवं तर.
एवढ्यावर एकतीस वर्षं मी आणि ताम्हाणे
दर गुरुवारी, दांडिया बाजारातल्या एका माडीवर
एकमेकांशी बोलत आलो.
घरी कुणाशी बोललो नाही इतकं स्वच्छ,
असं आपलं मला वाटायचं.

त्या गुरुवारी त्याने म्हटलं, एक बिनहुकमी.
माझ्या उजवीकडून परीखबाई : दोन इस्पिक.
माझ्या हातात इस्पिकची एकुलती एक दुर्री,
बाकी तिन्ही रंगांत चार-चार पानं, बरी.
मी म्हटलं, डबल.
म्हणजे : गजेंद्र, बोल. कुठल्याही रंगात ये, मी आहे.
त्याला ऐकू आलं : बस. मारू या यांना.
पास म्हणाला, आणि पानं मिटून
समाधानाने चष्मा पुसत बसला.

आठ हात झाले त्यांचे. मोजून आठ.
सहाशे सत्तर.
आकडा लिहिताना परीखबाई हसल्या नाहीत,
ते जास्त लागलं.

दुर्रीवर डबल?
तीन इस्पिक घेऊन पास?
अरे, आपलं ठरलंय.
ठरलंय तेच म्हणतोय मी.

शेजारच्या टेबलावरून सोली मास्तर, बिस्किट चहात बुडवत :
बन्नेनो वांक. पण साठ-चाळीस.
साठ कुणाचे ते सांगितलं नाही.
बिस्किट तुटून कपात पडलं, ते काढण्यात गुंतले.
आम्ही दोघंही चाळीस-चाळीस घेऊन जिना उतरलो,
उरलेले वीस तिथेच राहिले, खुर्च्यांखाली कुठेतरी.

गुजरातीत वांक म्हणजे दोष.
मराठीत नुसतं वाकायचं असतं.
इतकी वर्षं बडोद्यात काढून
आम्हाला दोन्ही जमलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो माझ्या स्कूटरवर मागे बसतो
आणि काळ्या घोड्यापर्यंत सगळे डाव पुन्हा खेळतो, माझ्या कानात.
विश्वामित्रीच्या पुलावर माणसं वाकून बघत होती,
खाली चिखलात मगर, आडवी, सगळं उघडं टाकून.
एरवी म्हणाला असता, बघ, डमी पसरलीय.
मी स्कूटर हळू केली. थांबवलीच जवळजवळ.
तो काही बोलला नाही.
निझामपुऱ्याच्या वळणावर उतरला, दांडीला धरून,
आणि 'येतो'सुद्धा पाठमोरा म्हणाला.

रात्री वही काढली. तपकिरी रेक्झिनची, आमच्या कराराची.
पुरावा दाखवायचा होता त्याला.
'दोनवर डबल : मार.' त्यावर काट.
बाजूला 'बोल', अहमदाबादला हरून आलो त्या वर्षीचं, निळ्या शाईत.
बघ! म्हणालो मी, रिकाम्या स्वयंपाकघराला.
मग खाली, समासात, पेन्सिलीने :
'परत पहिल्यासारखं. मार. दोघांना मान्य.'
अक्षर माझं.
ती शेपटी ओढलेला र बडोद्यात दुसरं कुणी काढत नाही.

पावणेबाराला त्याचा नंबर अर्धा फिरवला.
पंधरा शब्दांत हे कसं सांगायचं?
पास म्हणावं, तर तेच तर तो म्हणाला होता.
खोडरबर होतं ड्रॉवरमध्ये. खोटं कशाला बोलू,
हातात घेतलं होतं.

रविवारी सकाळी तो सेव-उसळीच्या दुकानात असतो, कोपऱ्यातल्या बाकावर.
मी समोर बसलो आणि वही उघडून ठेवली
त्याच्याकडे तोंड करून.
त्याने वाचलं. पाव मोडला, तर्रीत बुडवला, खाल्ला.
पुन्हा वाचलं.
मी शंभर म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाला,
मिटव, तेल सांडेल त्यावर.
मग पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी एक प्लेट सांगितली,
तिखट कमी,
न विचारता.

गुरुवारी सव्वादोनला ये. हॉर्न वाजवू नकोस, ही झोपलेली असते.
बरं, म्हटलं.

डबलचं मात्र अजून ठरायचंय.